मिनिटाला आठ थेंब

शिंदखेड्यात नळ नवव्या दिवशी येतो,
कधी अकराव्या.
मधल्या दिवसांचा हिशोब मी ड्यूटी-रजिस्टरच्या
उरलेल्या कोऱ्या पानांवर ठेवते:
कुंडी नंबर, वेळ, किती मिली, पानांचा रंग.
सवय आहे.
सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं गेली,
निम्म्या तर रात्रपाळ्या.

अंगणातल्या तारेवर पूर्वी धुणं वाळायचं.
आता तिला उलट्या लटकतात
सलाईनच्या रिकाम्या बाटल्या,
खाली नळी, नळीला रोलर, सुई काढून टाकलेली.
लिंबाला मिनिटाला आठ थेंब.
कढीपत्त्याला सहा, तो चिवट आहे, कुरकुरत नाही.
वांग्याला बारा, कारण त्याला फळं धरलीत
आणि पोटुशीला आधी,
हा नियम मी वॉर्डात मोडला नाही, इथंही नाही.

हिलाल अण्णा भिंतीवरून वाकतात,
"झाडसले बी सलाईन लावतस का वं सिस्टर?
काय व्हयनं येसले?"
चैत व्हयना, मी म्हणते.
अण्णा हसतात, तंबाखू मळतात,
आणि दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न नव्यानं विचारतात.

तांदूळ धुतलेलं पाणी गाळून बाटलीत.
भाजी धुतलेलं, तेही.
साबणाचं वेगळ्या बादलीत, मोरीमागच्या केळीला.
तेलघाण्यावरून भुईमुगाची टरफलं मागून आणली,
बुंध्याशी चार बोटं जाड अंथरली.
त्याखाली हात सरकवला की
ताप उतरलेल्या कपाळासारखी लागते माती.
दुपारी सगळे रोलर बंद.
दुपारचं पाणी ऊनच पितं.

कुंडी नंबर सात, जास्वंद.
होळीनंतर तिचं पाणी मी थांबवलं.
कुणाचं तरी थांबवावं लागणार होतं.
नावावर एक आडवी रेघ मारली, सरळ, पट्टीनं.

असं एकदा माणसांत केलंय.
गॅस्ट्रोची साथ, एका खाटेवर दोघं दोघं,
बाटल्यांची गाडी धुळ्याहून निघालेली
आणि पोचत नसलेली.
कुणाची धार कमी करायची ते डॉक्टर सांगत नाहीत,
ते म्हणतात, सिस्टर, बघा तुम्ही.
मी बघितलं.
ते रजिस्टर दवाखान्यातच राहिलं.

परवा सातची माती ओली लागली.
बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत ओल.
वाटलं, कुत्रं असेल.
काल पुन्हा.
आज साडेअकराला दाराआड उभी राहिले.

सकाळची शाळा सुटून हर्षाली आली, अण्णांची नात,
फाटकातून तिरकी शिरली,
दप्तरातून बाटली काढली
आणि अर्धी अधिक सातमध्ये ओतली,
हळू, एका ठिकाणी नाही, गोल फिरवत.
मी कधी शिकवलं नव्हतं. बघून बघून शिकली असेल.

"अगं, प्यायचं पाणी ना ते?"
ती दचकली. मग म्हणाली,
"उरी जास. मी कमी पेस."

मी तिला उंबऱ्यावर बसवलं.
जीभ बघितली. खालची पापणी ओढून बघितली.
मनगटाची कातडी चिमटीत धरून सोडली,
किती वेळानं बसते ते मोजलं.
मग तांब्याभर पाणी, साखर, चिमूट मीठ,
माझ्यासमोर पी, सगळं, घोट घोट.
ती पीत होती आणि मी सातच्या फांदीवर
नख ओढून पाहत होते.
सालीखाली हिरवं होतं. थोडंसं. पण होतं.

मग तिच्या हातात रोलर दिला,
माझं घड्याळ दिलं,
सेकंदकाटा कोणता ते दाखवलं.
"मोज."

रेघ खोडता येत नाही, शाईची आहे.
तिच्याखाली नव्यानं लिहिलं:
कुंडी सात, जास्वंद, मिनिटाला चार.
कुणाच्या बाटलीतून, ते अजून ठरत नाहीये.
नळाला पाच दिवस आहेत.